चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला : घरच्या तपासणी मशीनचा न दिसणारा खर्च

"डॉक्टर, शुगरचं कुठलं मशीन घेऊ?" फलटणच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा मोबाईल असतो आणि त्यावर दोन-तीन मशीनचे फोटो, किमतीसकट. प्रश्न मशीनचा असतो, मी मात्र पट्टीवर बोलू लागतो. "आधी मेडिकलमध्ये जा, त्या मशीनच्या पन्नास पट्ट्यांची डबी केवढ्याला मिळते ते विचारून या. मग मशीन ठरवू."

लोकांना हे उलटं वाटतं. मशीन तर एकदाच घ्यायचं, मग आधी त्याचीच किंमत बघायला नको का? आजचा लेख याच उलट्या उत्तराबद्दल आहे, कारण त्यामागे पैशांचा हिशोब तर आहेच, पण तब्येतीचाही आहे.

गेमचं मशीन आणि शुगरचं मशीन

हा हिशोब तरुण मंडळींना समजावताना मी गेमचं उदाहरण देतो. मध्यंतरी एक शिक्षक बीपी दाखवायला आले होते. मुलाने हट्ट करून गेम खेळायचं कन्सोल घेतलं होतं. ते म्हणाले, "सर, मशीनचे पैसे दिले तेव्हा वाटलं विषय संपला. विषय तर तिथून पुढे सुरू झाला."

त्यांचं म्हणणं खरं आहे. सोनीचं प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आलं, तेव्हा डिस्कवाल्या मशीनची किंमत ४९,९९० रुपये होती. खोक्यात हातात धरायचा कंट्रोलर एकच. भावंडांना एकत्र खेळायचं तर दुसरा हवा, तो ५,९९० रुपयांना. नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांपर्यंत. दुसरा कंट्रोलर आणि असे चार गेम घेतले की आकडा ७५ हजारांच्या पुढे जातो. बहुतेक मोठे गेम ऑनलाइन मित्रांबरोबर खेळायचे तर वर्षाची वर्गणी वेगळी. डिस्क न लागणारं मशीन दहा हजारांनी स्वस्त होतं, पण ते घेतलं की मित्राची जुनी डिस्क मागून आणायची सोयही गेली.

यातही दोन प्रकार असतात. प्लेस्टेशन ५ मध्ये जागा वाढवायला बाजारात मिळणारी, ठरावीक वेगाची साधी एसएसडी चालते. त्याच काळात आलेल्या एक्सबॉक्स सीरिज एक्सला नव्या गेमसाठी त्याच्याच खास आकाराचं कार्ड लागतं. त्याआधी, २०११ च्या अखेरीस सोनीनेच हातात धरून खेळायचं व्हिटा नावाचं मशीन काढलं होतं. त्याला बाजारातलं मोबाईलचं मेमरी कार्ड चालत नसे, सोनीचंच महागडं कार्ड घ्यावं लागे. म्हणजे बंधन नेहमी तंत्राच्या गरजेपोटीच येतं असं नाही. काही वेळा ते कंपनीने ठरवून घातलेलं असतं.

आपल्याकडे याला जुनी म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गेमच्या बाबतीत मसाला परवडला नाही तर मूल थोडं रुसतं, एवढंच. शुगरच्या मशीनचा मसाला परवडला नाही तर काय होतं, ते पुढे सांगतो.

पाच वर्षांचा हिशोब मांडा

साधं ग्लुकोमीटर आज हजार रुपयांच्या आसपास मिळतं. बरोबर दहा किंवा पंचवीस पट्ट्या फुकट असतात. कधी शिबिरात मशीनच फुकट देतात. खर्च सुरू होतो तो फुकटच्या पट्ट्या संपल्यावर.

पट्टी कंपनीनुसार साधारण १५ ते ३० रुपयांना पडते. आपण २० रुपये धरू. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने दिवसातून दोनदा तपासलं तर रोजचे ४० रुपये, महिन्याचे १,२००, वर्षाचे १४,६००. पाच वर्षांत ७३,००० रुपये. बोट टोचायच्या सुया यात धरलेल्याच नाहीत. आता पट्टीमागे फक्त पाच रुपयांचा फरक बघा. पाच वर्षांत तो १८,२५० रुपये होतो. मशीन घेताना आपण दोनशे रुपयांच्या सवलतीसाठी अर्धा तास घालवतो आणि या अठरा हजारांकडे बघतही नाही.

शेतकरी माणसाला हे पटकन कळतं. म्हैस घेताना दावणीचा खर्च कोणी विसरत नाही. मशीन घेताना मात्र आपण विसरतो, कारण पट्टीची किंमत मशीनच्या खोक्यावर लिहिलेली नसते.

एकाची पट्टी दुसऱ्याला का चालत नाही?

पट्टीच्या टोकाला एक एन्झाइम लावलेलं असतं. रक्तातल्या साखरेशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि अगदी बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. मशीन तो प्रवाह मोजतं आणि आकडा दाखवतं. एन्झाइम कोणतं, किती, पट्टीत रक्त किती ओढलं जातं, यावर प्रवाह ठरतो. म्हणून मशीनमधलं गणित त्याच पट्टीसाठी बसवलेलं असतं. दुसरी पट्टी आत बसलीच तरी आकड्यावर विश्वास ठेवता येणार नाही. म्हणजे इथलं बंधन पूर्णपणे खोटं नाही.

पण सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच पट्टी ठरवायची, असा प्रयत्न झालेला नाही हेही खरं. कंपन्यांची खरी कमाई पट्टीवर असते. अमेरिकेत लाइफस्कॅन या कंपनीच्या मशीनमध्ये चालणारी स्वस्त पट्टी शास्ता नावाच्या कंपनीने काढली. लाइफस्कॅन कोर्टात गेली. २०१३ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की मशीन एकदा ग्राहकाला दिलं, अगदी फुकट दिलं तरी, त्यावरचा पेटंटचा हक्क पुढे ओढून दुसऱ्याची पट्टी अडवता येणार नाही. ग्राहक जिंकला असं वाटलं. पण पुढच्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने त्या पट्टीच्या उत्पादनातल्या त्रुटींमुळे ती वापरू नका असा इशारा दिला. या गोष्टीतून मी दोन्ही बाजू शिकलो. कंपनी म्हणते म्हणून बंधन खरं मानू नये, आणि स्वस्त आहे म्हणून पट्टी बरोबर मानू नये.

घरी शुगर तपासणं ही गोष्ट मुळात रुग्णांनी मिळवलेली आहे, हेही विसरू नका. १९६९ मध्ये न्यूयॉर्कचे रिचर्ड बर्नस्टाइन हे इंजिनिअर लहानपणापासूनच्या मधुमेहाने त्रासलेले होते. तेव्हा असं मशीन सुमारे ६५० डॉलरला, वजन किलोच्या वर, आणि फक्त डॉक्टर व हॉस्पिटलला विकलं जाई. त्यांची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावाने त्यांनी ते मागवलं आणि दिवसातून अनेकदा तपासून आपली शुगर आवरली. पुढे ते स्वतःच डॉक्टर झाले. आज तेच मशीन तुमच्या खिशात मावतं. मशीन स्वस्त झालं, आता अडतं ते पट्टीपाशी.

पट्टी वाचवण्याची किंमत

आता दवाखान्यात मला काय दिसतं ते सांगतो.

सत्तरीच्या एका आजींना पहाटे घरच्यांनी गाडीत घालून आणलं. घामाने डबडबलेल्या, बडबड असंबद्ध, हात थरथरत होते. शुगर होती ४२. आजी ग्लिमेपिराइडची गोळी घेत होत्या आणि रात्री भूक नाही म्हणून न जेवता झोपल्या होत्या. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मला इथं कशाला आणलं?" घरी मशीन होतं का, असं मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मशीन आहे साहेब, पट्ट्या महिन्यापूर्वी संपल्या. ऊसाचं बिल आलं की आणणार होतो." रात्रीपासून आजी गळून गेल्या होत्या. घरच्यांना तो अशक्तपणा वाटला. एक पट्टी असती तर रात्रीच कळलं असतं आणि तीन चमचे साखरेत काम झालं असतं.

यात मुलाचा दोष काढावा असं मला वाटत नाही. डबीला हजार रुपये लागतात आणि घरात दहा खर्च असतात. पण मशीन आहे म्हणून घरच्यांना जी निर्धास्ती वाटते, ती पट्टीशिवाय पोकळ आहे.

दुसरे लोक पट्ट्या जपून ठेवतात. इतक्या जपतात की मुदत निघून जाते. पट्टीवरचं एन्झाइम दमटपणाने आणि उष्णतेने खराब होतं. बहुतेक डब्यांवर ३० अंशांपर्यंतच ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्या फलटणला एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या घरात जातो. पत्र्याच्या खोलीत, खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली डबी उन्हाळाभर भाजून निघते. अशा पट्टीचा आकडा बघून इन्सुलिन कमी-जास्त करणं धोक्याचं आहे.

तिसरे लोक उलट टोकाला असतात. नुसती मेटफॉर्मिन चालू आहे, शुगर वर्षभर स्थिर आहे, तरी रोज सकाळी उपाशीपोटी एक पट्टी. आकडा वहीत लिहितात आणि पुढे काहीच करत नाहीत. ज्या आकड्यावरून काही ठरवायचं नाही, त्याच्यासाठी वीस रुपये कशाला?

इन्सुलिनचं पेन : इथे जास्त जपा

पेनचंही तसंच आहे. एका कंपनीच्या पेनमध्ये त्याच कंपनीचं कार्ट्रिज वापरायचं असतं. शिवाय दर वेळी लागणाऱ्या बारीक सुया वेगळ्या घ्याव्या लागतात. त्या बहुतेक सगळ्या पेनना चालतात, एवढं बरं आहे.

बंधनाचा खरा अर्थ कळतो तो माल बंद झाल्यावर. २०२५ मध्ये नोवो नॉर्डिस्क कंपनीने भारतात आपल्या ह्युमन इन्सुलिनची पेनमधली कार्ट्रिज टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचं कळवलं. तेच इन्सुलिन बाटलीत मिळत राहणार होतं. ज्यांच्या हातात पेन होतं त्यांच्यापुढे तीन वाटा उरल्या : बाटली आणि सिरिंजकडे परत जाणं, त्याच पेनमध्ये बसणारं पण महाग असलेलं नवं इन्सुलिन घेणं, किंवा दुसऱ्या कंपनीचं पेन आणि कार्ट्रिज घेणं. तिन्ही वाटा चालतात, पण डॉक्टरांना विचारून. कारण इथे एक जीवघेणी चूक होऊ शकते.

आपल्याकडे नेहमी मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात. तिची सिरिंज लाल टोपणाची. कार्ट्रिजमध्ये एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं आणि १६ च्या खुणेपर्यंत भरलं, तर शरीरात जातात ४० युनिट. अडीचपट. नारिंगी सिरिंजने बाटलीतलं ओढलं तर उलटं, डोस निम्म्याहूनही कमी. म्हणून पेन आणि बाटली यांच्यात स्वतःच्या मनाने अदलाबदल कधीही करू नका. घरात दोन्ही रंगांच्या सिरिंज एकत्र ठेवू नका.

बाकीची मशीन : कुठे कंपनीचंच हवं, कुठे नको

*बीपीचं मशीन.* दंडाचं घ्या, मनगटाचं शक्यतो नको. याचा न दिसणारा खर्च म्हणजे पट्टा. खोक्यातला पट्टा मध्यम मापाचा असतो. दंड जाड असेल तर छोट्या पट्ट्याने बीपी खोटंच जास्त दिसतं आणि नको असलेली गोळी सुरू होऊ शकते. म्हणून घेण्याआधी दंडाचा घेर टेपने मोजा आणि त्या मापाचा पट्टा त्या मशीनला वेगळा मिळतो का ते विचारा. पट्टा त्याच कंपनीचा हवा, कारण मशीनचं गणित त्यावर बसवलेलं असतं. अडॅप्टरही तेवढ्याच व्होल्टचा आणि त्याच मशीनचा वापरा.

*नेब्युलायझर.* हवेच्या पंपाचं साधं नेब्युलायझर असेल तर मास्क, औषधाची वाटी आणि नळी बहुधा कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते आणि बसते. इथे कंपनीचंच हवं असा आग्रह नको. हातात मावणारं, आवाज न करणारं जाळीचं मशीन छान दिसतं, पण त्याची जाळी त्याचीच लागते, महाग असते आणि नीट धुतली नाही तर चोंदते. घरात दम्याचं लहान मूल असेल आणि मशीन रोज लागणार असेल तर मी साधंच घ्या म्हणतो.

*झोपेत वापरायचं सीपॅप मशीन.* नेहमीच्या मशीनची नळी आणि मास्क ठरावीक मापाचे असल्याने एकाचा मास्क दुसऱ्याला सहसा बसतो. प्रवासासाठीच्या छोट्या मशीनचं तसं नसतं, काहींना त्यांचीच नळी लागते. मास्क आणि फिल्टर ठरावीक काळाने बदलावे लागतात, तो खर्च आधीच विचारा.

*दंडावर चिकटवायचा शुगरचा सेन्सर.* एक सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो आणि चार-पाच हजार रुपयांना पडतो. तो सतत लावायचा असेल तर महिन्याला दोन लागतील. शिवाय त्याचं ॲप तुमच्या मोबाईलवर चालतं का ते आधी तपासा, नाहीतर सेन्सरसाठी मोबाईल बदलावा लागेल. शुगर का चढते-उतरते ते समजायला वर्षातून एक-दोनदा लावला तरी पुष्कळांना पुरतो.

सरकारने काय केलंय?

जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने पाच उपकरणांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. ही उपकरणं म्हणजे ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, बीपीचं मशीन, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर. चांगलं झालं. पण त्या पाच नावांत पट्टीचं वेगळं नाव नव्हतं.

त्याआधी, जानेवारी २०१४ मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दोन देशी ग्लुकोमीटर पुढे आणले होते. एक बिट्स पिलानीच्या हैदराबाद शाखेचं, दुसरं आपल्या महाराष्ट्रातल्या बायोसेन्स कंपनीचं. पट्टी दोन ते चार रुपयांत देण्याचा तेव्हा विचार होता. एवढी स्वस्त पट्टी काही माझ्या रुग्णांच्या हातात अजून दिसत नाही. पण बोट ठेवलं ते बरोबर जागी, मशीनपेक्षा पट्टीवर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. त्यांच्यासाठी हा किरकोळ प्रश्न नाही.

घेण्याआधी दुकानात विचारायचे प्रश्न

१. पन्नास पट्ट्यांची डबी केवढ्याला? एक पट्टी कितीला पडली?
२. ही पट्टी फलटणमध्ये किमान दोन-तीन दुकानांत मिळते का, की फक्त ऑनलाइन? पट्टी नेमकी गरजेच्या वेळी संपते.
३. डबी उघडल्यावर किती महिने चालते? कमी तपासणाऱ्यांनी पंचवीसचीच डबी घ्यावी.
४. या मॉडेलच्या पट्ट्या पुढेही येणार आहेत ना? जुनं मॉडेल सवलतीत काढत असतील तर सावध राहा.
५. मशीन बिघडलं तर बदलून कोण देणार?

फुकट मशीन मिळालं तर नाकारू नका, पण हेच प्रश्न त्यालाही लावा.

पट्टी वाचवा, पण अशी

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर घरात पाच पट्ट्या कायम राखीव ठेवा. घाम, थरथर, एकदम भूक, गोंधळ वाटला तर लगेच तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. पट्टी नसेल तर थांबू नका, शुद्धीवर असलेल्या माणसाला साखर द्याच. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

शुगर स्थिर असेल तर रोज त्याच वेळी तपासण्याऐवजी वेळ बदला. सोमवारी उपाशीपोटी, गुरुवारी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, रविवारी रात्री जेवणाआधी. तीन पट्ट्यांत आठवड्याचं चित्र दिसतं. ताप, उलट्या, नवीन औषध किंवा इन्सुलिनचा डोस बदलला असेल तेव्हा मात्र हात आखडू नका. तुम्हाला किती वेळा तपासायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

दोन मशीन ताडून बघण्यात पट्ट्या घालवू नका. लॅबमध्ये २०० आली आणि घरी १७० ते २३० च्या दरम्यान आली तर मशीन ठीक आहे, एवढा फरक मानकात धरलेला आहे. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करा. गोळ्यांवर स्थिर असणाऱ्यांना त्या एका तपासणीतून कितीतरी पट्ट्यांपेक्षा जास्त कळतं. आणि सरकारी आरोग्य केंद्रात शुगर व बीपी मोफत तपासतात, तिथे जाण्यात कमीपणा मानू नका.

डबी घरातल्या सर्वांत गार आणि कोरड्या खोलीत ठेवा, फ्रिजमध्ये नको. पट्टी काढली की झाकण लगेच लावा. उघडल्याची तारीख पेनने डबीवर लिहा. बोट टोचायची सुई दुसऱ्या कोणालाही वापरू देऊ नका, अगदी घरच्यालाही.

आज एक काम करा. कपाटातलं मशीन काढा, डबीत किती पट्ट्या आहेत आणि त्यांची मुदत काय आहे ते बघा. पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा मशीन, डबी आणि वही तिन्ही बरोबर आणा. खर्च झेपत नसेल तर तसं सांगा, लाजू नका. तुमच्या खिशाला झेपेल असं वेळापत्रक बसवून देणं हाही उपचाराचाच भाग आहे.